चटईवर कोण लोळत होतं?

माई, सप्रेम जय ख्रिस्त.

मी गोव्यातल्या एका मराठी मंडळीचा पाळक. वय ४३. घराणं गडहिंग्लजकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वडिलांचं आणि गावच्या पंचांचं जमिनीवरून वाजलं, मंडळीच्या यादीतून आमचं नाव गेलं. पुन्हा चर्चचं तोंड पाहायचं नाही असं ठरवून मी एकविसाव्या वर्षी कळंगुटला हॉटेलात भांडी घासायला आलो. तिथल्या एका सोबत्याने मला म्हापशात एका 'बिनचर्चच्या चर्च'मध्ये नेलं. टायरच्या दुकानामागची पत्र्याची शेड. उपदेशाला पुलपिट नाही, पाळक नाही, दशमांशाचं दान गोळा करायची थैली नाही. पंधरा-वीस माणसं चटयांवर गोल बसायची. शास्त्रातला एक भाग वाचायचा आणि ज्याला जे वाटेल ते बोलायचं. 'मला हे पटत नाही' म्हटलेलंही चालायचं. अण्णा आणि अक्का हे जोडपं ते चालवायचं. मी शनिवारची रात्रपाळी संपवून थेट तिथे जायचो आणि प्रार्थना सुरू झाली की झोपायचो. कुणी कधी उठवलं नाही. अकराला अक्का पेजेची थाळी घेऊन यायच्या, तेव्हा जाग यायची. अशी सहा वर्षं. पाळक व्हावंसं वाटलं तेही तिथेच. मग सेमिनरी, दीक्षा, आणि आता या मंडळीत दहा वर्षं.

ती संगती केव्हाच मोडली. शेडच्या डिपॉझिटवरून वाद झाले, अण्णांच्या हेकेखोरपणावरूनही. कुणी गल्फला गेले, कुणी परत आपल्या पॅरिशमध्ये, दोघंतिघं आता कशावरच विश्वास ठेवत नाहीत. अण्णा दोन वर्षांपूर्वी वारले. येत्या नोव्हेंबरात उपकारस्तुतीच्या रविवारी त्या सगळ्यांना बोलावून जाहीर आभार मानावेत असं मनात आहे. कदाचित त्यातले काही प्रभूच्या कळपात परतही येतील. पण पंच म्हणतात, त्या भटक्या लोकांचं नाव पुलपिटावरून नको. बायको म्हणते, जुनं कशाला उकरता?

एक राहिलं. चार वर्षांपूर्वी एका संदेशात मी 'चटईवर लोळून देव भेटत नसतो' असं बोलून गेलो. लोक हसले. अक्का त्या दिवशी शेवटच्या बाकावर होत्या, मला ठाऊक नव्हतं. चहाला थांबल्या नाहीत. त्यानंतर भेट नाही.

काय करू?

— एक पाळक

पाळकसाहेब,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. छापताना मी ते आटपलं आणि ओळख पटेल असं बरंचसं काढून टाकलं. चारही पानांवर अक्षर कसं, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा तसं. 'एक राहिलं' हा परिच्छेद मात्र सहीच्या वरच्या उरल्यासुरल्या जागेत, मुंगीएवढ्या अक्षरात कोंबलेला. वाण्याच्या यादीत शेवटी आठवलेलं मीठ लिहावं तसा. मला विचाराल तर तुमचं पत्र तिथून सुरू होतं. वरची चार पानं त्याची प्रस्तावना.

त्या चटईवर लोळत कोण होतं हो?

अण्णा नव्हते, अक्का नव्हत्या. रात्रभर हॉटेलातली खरकटी भांडी घासून आलेला एक पोरगा दर रविवारी तिथे घोरत पडायचा आणि त्याच्या भोवतीनं पंधरा माणसं आवाज खाली ठेवून प्रार्थना करायची. म्हणजे त्या दिवशी तुम्ही टोला हाणलात तो स्वतःलाच. पण चर्चमध्ये बसलेल्या लोकांना ते कुठून कळणार? त्यांना वाटलं, पाळकसाहेब कुणा परक्याची टर उडवताहेत. ती चटई कुठली आणि तिच्यावर कोण झोपायचं, हे त्या अख्ख्या इमारतीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक पुलपिटावर उभं होतं, दुसरं शेवटच्या बाकावर बसलं होतं.

तुम्ही ते दुष्टाव्यानं बोललात असं मला वाटत नाही. दहातली सहा वर्षं झाली होती, पंच अजून तुम्हाला जोखत असतील, कुणीतरी कुजबुजलंही असेल की हा मूळचा त्या शेडमधला. अशा वेळी माणूस आपण पक्क्या बांधणीचे आहोत हे दाखवायला जुन्या घरावर एक दगड भिरकावतो. मीही भिरकावलाय, म्हणून सांगते.

मी पेटी शिकले ती आमच्या गावातल्या एका मास्तरांकडे. जत्रेच्या नाटकांना ऑर्गनवर बसायचे ते. फोंड्याच्या बाजूला देवळातली नाटकं म्हणजे काय प्रकरण असतं ते तुम्ही पाहिलं असेल. रात्री अकराला पडदा उघडायचा आणि भैरवीपर्यंत उजाडायचं. मास्तर दुसऱ्या अंकानंतर रंगपटामागे जाऊन फेणी घ्यायचे, म्हणून सभ्य घरांत त्यांचं नाव हळू आवाजात घेत. पुढे मी पुण्याला एका मोठ्या बुवांकडे दोन वर्षं काढली. मग पणजीत माझा एक छोटासा सत्कार झाला, तिथे उत्तराच्या भाषणात बुवांचं नाव चार वेळा घेतलं. मास्तरांचं एकदाही नाही. पेपरात भाषण छापून आलं. मास्तर पेपर वाचायचे, शेवटच्या पानापर्यंत.

तीन वर्षांनी त्यांच्याकडे गेले, शाल आणि नारळ घेऊन. माझं रडणं वगैरे सगळं तयार होतं. मास्तरांनी शाल उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "शाल कित्याक? गोंयांत थंडी खंय आसा?" मग पेटी उघडायला सांगितली, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, भाता अजून दणकन मारतेस. बस. माफ केलं असं म्हणाले नाहीत, माझा राग आला होता असंही म्हणाले नाहीत. घरी येताना मला फार अपुरं वाटत होतं. त्या दिवशी मी आभार मानायला गेले नव्हते, पावती घ्यायला गेले होते, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आता तुमचा बेत पाहू. नोव्हेंबरचा रविवार, सजवलेलं चर्च, पहिल्या बाकावर जुनी मंडळी, तुम्ही पुलपिटावर सद्गदित. या चित्रात अक्कांनी काय करायचं आहे? यायचं, बसायचं, डोळे पुसायचे, आणि तुम्ही किती कृतज्ञ आहात हे दोनशे लोकांना दिसू द्यायचं. चार वर्षांपूर्वी त्या तिथेच बसल्या होत्या आणि लोक हसले होते. त्याच लोकांसमोर आता त्यांनी टाळ्या घ्यायच्या? मी त्यांच्या जागी असते तर आलेच नसते. आणि तुम्ही म्हणाला असता, बघा, आम्ही बोलावलं होतं.

मी देवळाच्या घंटेवर वाढलेली बाई, तुमच्या शास्त्राची अधिकारी नव्हे. पण एका शेजारणीनं दिलेलं मराठी बायबल माझ्या कपाटात कैक वर्षं आहे आणि ते मी अधूनमधून वाचते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे ना, की तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तिथे तुला आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान दे. त्यातली एक बारीक गोष्ट मला नेहमी अडवते. 'तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर' असं तिथे म्हटलेलंच नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर, असं आहे. आणि ते आठवतं कुठे, तर दान हातात घेऊन उभं असताना. तुमची उपकारस्तुती हे तुमचं दान. ते तूर्त खाली ठेवा. नोव्हेंबर कुठे पळून जात नाही.

आधी अक्कांकडे जा. एकटे. बायकोला नेऊ नका, ती बिचारी मध्ये पडून वातावरण हलकं करायला बघेल आणि तुम्हाला ते हवंच असेल. फोन करून विचारा, येऊ का. 'इकडून चाललो होतो म्हणून डोकावलो' हे नाटक नको. म्हापशात कुणी इकडून चाललेलं नसतं, शुक्रवारचा बाजार सोडला तर.

तिथे गेल्यावर बोलायचं ते थोडकं. मी चटईबद्दल बोललो तेव्हा तुम्ही तिथे होता. त्या चटईवर मी झोपायचो आणि तुम्ही मला झोपू दिलंत. मी खोटं बोललो, मला माफ करा. एवढंच. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' म्हणू नका. त्यात 'तर' आहे, आणि त्या 'तर'च्या फटीतून माणूस हळूच निसटतो. संदेशाचा संदर्भ काय होता, तुमचा रोख कुणावर होता, हेही सांगू नका. उपदेश करायची सवय असलेल्या माणसाला हे जड जाईल. तुमचा धंदाच समजावून सांगण्याचा आहे, शिक्षकांचाही तसाच असतो, आमच्या घरात तिघं होते.

अण्णा वारल्यावर भेटायला यायला उशीर झाला, तेही बोला. ते गेले तेव्हा तुम्ही गेला होता की नव्हता हे पत्रात नाही. नसावात, असा माझा अंदाज. गेला असता तर अक्कांची भेट झालीच असती.

अक्का काय म्हणतील ते मला सांगता येणार नाही. कदाचित बोलतील भडाभडा. कदाचित 'अरे, ते मी विसरलेसुद्धा' म्हणतील, आणि ते खोटं असेल. दार अर्धंच उघडतील, असंही होईल. काहीही झालं तरी त्याच भेटीत नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचं निमंत्रण खिशातून काढायचं नाही. काढलंत की माफी म्हणजे निमंत्रणाचं पाकीट होऊन बसते.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तुम्हाला खोडायला सांगणार आहे. 'कदाचित त्यातले काही प्रभूच्या कळपात परतही येतील.' तुमच्या श्रद्धेनं पाहिलं तर ही इच्छा गैर नाही, ती तुमच्या प्रार्थनेत ठेवा. आभाराच्या पत्रात ठेवू नका. ज्या दोघातिघांनी आता विश्वास सोडलाय, त्यांनी तुम्हाला झोपू दिलं तेव्हा 'हा जागा झाला की आपला होईल' असा हिशेब केला नव्हता. निदान तुमच्या वर्णनावरून तरी तसं दिसत नाही. त्यांचा उपकार तुम्ही व्याजाची आशा ठेवून फेडायला निघालात, तर पहिल्या वाक्यालाच ते ओळखतील. सोडून गेलेल्या माणसाला तो वास फार लांबून येतो. त्यांना वेगळं, छोटं पत्र लिहा. त्यात देवाचं नाव न आलं तरी चालेल. त्यातल्या एकानं तुमच्यासाठी कधी काय केलं, ते मात्र तारखेवारासकट यावं. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की कुणाचंच बोलणं ऐकू यायचं नाही, मग सगळे गप्प बसून राहायचे, असं तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय. मला तर त्या चार पानांत तेच सगळ्यात आवडलं. त्या गप्प बसण्यात तुमच्या शेजारी कोण होतं? त्याला ते लिहा.

नावांचं एक जपा. हे मात्र मी जरा बजावून सांगते. गोव्यात अशा नव्या संगतींत जाणाऱ्यांना 'बिलिव्हर' म्हणतात, आणि तो शब्द लोक कोणत्या सुरात उच्चारतात ते तुम्हाला मी सांगायला नको, कॅथलिक शेजारी असो की हिंदू. त्या शेडमध्ये येणाऱ्यांपैकी कुणी घरी न सांगता येत असेल, कुणाचं त्यावरून माहेर तुटलं असेल, जो परत पॅरिशमध्ये गेला त्याने ती सहा वर्षं कदाचित सासरी सांगितलीही नसतील. तुमच्या आभारात त्यांची नावं आली, कुणी मोबाइलवर ते टिपलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर फिरवलं, तर तुमची कृतज्ञता त्यांच्या उंबऱ्यात दगड होऊन पडेल. ज्याने स्वतःहून हो म्हटलं त्याचंच नाव. बाकी सगळे 'ती माणसं'.

पंचांबद्दल. त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही. त्यांना भीती आहे ती हिशेबाची. जिथे थैली नसते तिथे हिशेबही नसतो, आणि शेडचं डिपॉझिट कुणाचं हा प्रश्न आला की भाऊबंदकी सुरू होते, तशी ती झालीच. अण्णांचा हेकाही तुम्हीच लिहिलाय. पाळक नको म्हणता म्हणता अण्णा स्वतःच पाळकाहून मोठे झाले असणार, मी अशी दोन-तीन भजनी मंडळं पाहिली आहेत. हे झाकू नका. 'तिथे सगळं स्वर्गीय होतं' असं बोललात तर पंच हसतील आणि अक्कांनाही ते खोटं वाटेल, कारण अण्णांसोबत संसार त्यांनी केलाय. वडिलांवर रागावलेला माणूस वडिलांचे उपकार मानत नाही असं थोडंच आहे?

पण 'भटके लोक' हा शब्द मात्र पंचांना परत द्या. त्यांना विचारा, रविवारी 'उपासना संगीत' उघडून आपण कुणाची गीतं गातो? नारायण वामन टिळकांची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, अनेक वर्षं मिशनची चाकरी केलेला. आणि १९१७ मध्ये त्यांनी काय केलं? मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले चालत, न घेतलेलेही चालत. ख्रिस्ताचा शिष्य असला की झालं. त्या काळच्या पंचांना ते किती रुचलं असेल याची कल्पना तुमच्या पंचांना पटकन येईल. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांच्यामागे दरबारही फार टिकला नाही. गीतं राहिली, आणि ती आज कुठे गायली जातात? तर दशमांशाची थैली फिरणाऱ्या, पुलपिट असलेल्या, पंच असलेल्या चर्चमध्ये. भटक्यांचं चालत नसेल तर वहीतली कितीतरी पानं फाडावी लागतील.

आणि हे गोव्यात बोलायला तर अजिबात लाजू नका. इथे फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत पुराणासारखी रचली आणि ती १६१६ मध्ये रायतूरला छापली गेली. मडगावहून रायतूर फार दूर नाही. परक्या घरातली चटई मागून आणून त्यावर आपला देव बसवायची इथली रीत चारशे वर्षांची आहे. हे माझं मत, पंचांसमोर ते माझ्या नावावर खपवू नका.

पंच तरीही नाही म्हणाले तर? तर निमंत्रणाचा कार्यक्रम सोडा. खरं सांगायचं तर तो सोडलेलाच बरा. पण एक गोष्ट त्यांच्या परवानगीची नाही. चार वर्षांपूर्वीचं ते वाक्य तुम्ही पुलपिटावरून बोललात, ते मागे घ्यायचं तर तिथूनच घ्यावं लागेल. अक्कांच्या ओटीवर मागितलेली माफी अक्कांपुरती. हसले ते दोनशे लोक अजून तसेच आहेत, त्यांच्या डोक्यात चटईवरची माणसं अजून हास्यास्पदच आहेत. तुमच्या संदेशातली पाच मिनिटं त्यासाठी पुरेत. अमक्या रविवारी मी असं बोललो होतो. त्या चटईवर मी झोपायचो. मला कुणी उठवलं नाही, अकराला पेज मिळायची. तिथून मी इथे आलो. नाव कुणाचं नाही, संगतीचं वर्णन नाही, कळपाचा दृष्टान्त तर नकोच. मग पुढचं गीत. लोक हसले तर हसू द्या, या खेपेला ते तुम्हाला हसतील.

हे बोलायच्या आधी अक्कांना सांगून ठेवा की बोलणार आहे. या म्हणू नका, फक्त सांगा. यायचं असेल तर त्यांना रस्ता माहीत आहे, एकदा त्या न बोलावता आल्या होत्या. त्या का आल्या होत्या, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही. मला मात्र राहून राहून तोच पडतोय. म्हापशाहून बस बदलत, रविवारी सकाळी, आपण पेज वाढलेल्या पोराचा संदेश ऐकायला एक बाई येते. झग्यातला तो कसा दिसतो ते बघायला आली असेल. भेटलात की हे जरूर विचारा. माफी मागून झाल्यावर, आधी नको.

बायकोला सांगा, जुनं उकरत नाहीये, ते वरच पडलंय. चार वर्षं तिने तुमच्याबरोबर ते ओलांडत चालणं केलंय, तिला कळेल.

आणि नोव्हेंबरची वाट पाहू नका. या आठवड्यातला एखादा साधा दिवस बघा, बुधवार-गुरुवार. हातात केक नको, फुलं नकोत, शाल तर मुळीच नको. अकराच्या सुमारास पोचा. पेजेची वेळ असते. अक्कांनी थाळी पुढे केली तर 'नाश्ता करून आलोय' म्हणू नका.

— माई